पाय बघून टाक, माय

उमरखेड,
दि. २२ जानेवारी १९४७

ती. रामकिशनदादास,
धाकटी बहीण शालू हिचा उमरखेडहून डोकं टेकून नमस्कार. वि. वि.

दिवेलागणीच्या आधीच सुखरूप घरी पोचले. पैनगंगेला पाणी कमी होतं, धनसिंगनं गाडी अलगद उतरवली. तांड्यावरचा हा माणूस बाजाराच्या निमित्तानं सारखा अल्याड-पल्याड करतो, म्हणून हे पत्र त्याच्याच हाती देते. निजामाच्या टपालातून पत्र कधी पोचेल त्याचा भरवसा न्हाई. इकडे हे बरे आहेत. वहिनीनं दिलेले तिळाचे लाडू तुमच्या भाच्यानं गाडीतच संपवले आणि घरी येऊन पोट धरून बसला.

दादा, तिथं असताना एक गोष्ट बोलायची राहून गेली, कारण माय सारखी जवळ होती. तिच्या दंडावर काळंनिळं पडलंय ते तुमी पाह्यलं का? मी विचारलं तर म्हणाली, म्हशीनं ढुशी दिली. पण म्हशीजवळ जाणं मायनं केव्हाच सोडलंय, असं वहिनीच सांगत होती. मग मी गुपचूप लक्ष ठेवलं. स्वैपाकघरातून ओसरीवर येताना माय उंबऱ्यापाशी थांबते, चौकट धरते आणि पायानं उंबरा चाचपते. नदीत उतरताना आपण तळ चाचपतो ना, तसा. तिच्या डोळ्यांवर पडदा आलाय दादा, आणि ती कोणाला सांगत न्हाई.

आमच्या शेजारच्या नानीबाई तुमाला ठाऊक आहेत. साऱ्या गल्लीची बाळंतपणं त्यांनी केली. दिवाळीनंतर त्या न्हाणीत घसरल्या ते पुन्हा उठल्या न्हाईत. मी रोज जात होते. तांब्याभर पाण्यासाठी ती बाई दुसऱ्याच्या तोंडाकडं बघत पडून असायची. परवा गेल्या. त्या दगडावरचं शेवाळ घरातल्या सगळ्यांना दिसत होतं, आणि जो तो उद्या घासू म्हणत होता.

म्हणून हात जोडून सांगते. आपल्या न्हाणीचा दगड चुन्यानं घासून घ्या. मागच्या दारापासून न्हाणीपर्यंत भिंतीला धरायला दोर बांधा. दिवा उजेड असतानाच लावत जा. आणि तो उंबरा उतरवा. साऱ्या परगण्याच्या चौकटी तुमी बापलेक घडवता, आणि आपल्याच मायला घरात डोंगर चढावा लागतो.

जास्त लिहीत न्हाई. वहिनीला नमस्कार, लेकरांचे गालगुच्चे. या लांबच्या बहिणीवरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
शालू


डोंगरकडा,
होळीनंतरचा मंगळवार, १९४७

चि. सौ. शालूस,
रामकिशनचे पोटभर आशीर्वाद. आमी समदे इकडं खुशाल हाओत, तुमची खुशाली लिहीत जाणे. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तुझ्या वहिनीनं, आशानं वाचायला लावलं, मग मायनं वाचायला लावलं. मायला डोळ्यांचं न् उंबऱ्याचं गाळून वाचून दाखवलं, तर तिनं विचारलं की एवढ्या मोठ्या कागदात एवढंच काहून? तू डॉक्टरीण कधीपासून झालीस ते कळव, म्हणजे दारावर पाटी करून धाडतो.

आता कामाचं. न्हाणीचा दगड आशानं चुना टाकून घासला. दोर मी सोता बांधला, चांगला अंबाडीचा. पण माय त्याला धरत न्हाई, त्याच्यावर लुगडं वाळू घालती. म्हणती, पोरगी लई शहाणी, वाळवणाची सोय केली.

उंबऱ्याचं मात्र अवघड हाय. बाबांपाशी विषय काढला तर त्यांनी रंधा खाली ठेवला आणि माझ्याकडं असं बघितलं की जणू मी त्यांचाच पाय कापायला निघालो. तो साग त्यांनी लग्नाच्या साली डोंगरातून आणला होता. मायनं घरात पहिलं पाऊल टाकलं ते त्यावरून. बाबा म्हणाले की, हिचा पाय या उंबऱ्याला माझ्याहून जास्त ओळखतो, डोळे न्हाई दिसले तर न्हाई दिसले. आणि खरं सांगू का, मायनंबी त्यांचीच बाजू घेतली. पाय उचलून दाखवला, हसली. आशा नंतर मला म्हणाली की, मागल्या आठवड्यात माय ओसरीवर गुडघ्यावर आली होती, बाबांनीच उठवलं, आणि पोरांना सांगू नका म्हणून तिनं त्यांना शपथ घातली. म्हणजे दोघंबी आपल्याशी लपवाछपवी करून राहिले.

शेजारचा दस्तगीर पिंजारी तुला सलाम सांगतो. खतीजाभाबीनं विचारलंय की शालू मागल्या खेपेला भेटायला काहून आली न्हाई. तिचा राग काढायचा असल तर उमरखेडची चुडी पाठव.

तुझ्या घरच्यांस नमस्कार. दादाला धाक दाखवत राह्य, आणि पत्राचा हात आखडू नको.

तुझा,
रामकिशन


उमरखेड,
दि. ९ मे १९४७

ती. बाबांच्या पायांवर,
लेक शालूचा दंडवत. वि. वि.

हे पत्र तुमाला आहे, दादा फक्त वाचणारा. त्यानं मधेच गाळू नये.

बाबा, तुमी रागावला असं कळलं. तुमच्या हातच्या उंबऱ्याला करवत लावा असं मी पुन्हा म्हणणार न्हाई. पण आमच्याकडे जिनिंगमध्ये कापसाचे गठ्ठे आत न्यायला दाराला दोन्ही अंगांनी लाकडी उतार केलेला आहे. माणूस चढतोय हे त्याच्या पायाला कळतसुद्धा न्हाई. तसा उतार उंबऱ्याला लावून टाकला तर? उंबरा जागच्या जागी राहील, आणि मायला पाय उचलावा लागणार न्हाई. असं काम तुमच्याशिवाय कोणाला जमणार. आमच्याकडचा सुतार तर दार लावतो आणि ते बंद कसं होईल ते देवावर सोडतो.

आणखी एक विचारते, रागावू नका. मायनं तुमाला शपथ घातली असेल, पण शपथेनं हाडं जपली जात न्हाईत. ती कुठं कुठं पडली ते दादाला सांगत जा. पुन्हा पडायची ती त्याच जागी पडेल.

मायला म्हणावं, झोपेतून उठलं की लगेच उभं राहायचं न्हाई, बाजेवर बसून मग उठायचं. पाय बघून टाक म्हणावं. मी पोळ्याला येईन तेव्हा तुमच्या उतारावरून पळत घरात शिरीन.

पुष्कळ चुकतमाकत लिहिलंय. लेकीला पोटात घ्यावं.

शालू


डोंगरकडा,
भाद्रपद, महालक्ष्म्या उठल्यावर आठ दिवसांनी, १९४७

चि. शालूस,
आशीर्वाद.

धनसिंगला मुद्दाम पाठवतोय. आधी हे वाच की माय जिती हाय.

महालक्ष्म्या जेवायच्या दिवशी भर दुपारी माय पुरणाचं ताट घेऊन स्वैपाकघरातून निघाली. आशा म्हणत होती, मी नेते. माय म्हणाली, महालक्ष्म्यांचं ताट आजवर मीच नेलंय. दोन्ही हात ताटात, म्हणून चौकट धरता आली न्हाई. पाय उंबऱ्याला अडकला. ताट सोडलं असतं तर हात तरी टेकले असते, पण तिनं ताट सोडलं न्हाई. डाव्या अंगावर आदळली. मी न् बाबा ओसरीवरच होतो. तिचा आवाज ऐकला तो अजून कानातून जात न्हाई.

हाड बसवणारा आला, कामट्या बांधल्या. दुसऱ्या दिवशी गाडीत घालून हिंगोलीला सरकारी दवाखान्यात नेलं. वाटेत प्रत्येक चाकोरीला ती ओरडत होती, आणि बाबा बैलांपुढं चालत, रस्त्यातले दगड उचलून बाजूला टाकत गेले. डॉक्टर म्हणाले की खुब्याचं हाड मोडलंय, या वयात सांधत न्हाई, घरी न्या आणि जपा.

उतार व्हायचा होता. बाबांनी तुझं पत्र ऐकल्यावर बाभळीच्या फळ्याबी काढून ठेवल्या होत्या. मग म्हणाले, असल्या जागी बाभूळ शोभत न्हाई, पावसाळा सरला की सागाच्या करतो.

दवाखान्यातून आल्यावर बाबांनी करवत घेतली आणि उंबरा कापला. गल्लीतली माणसं गोळा झाली, म्हणाली, सणासुदीत असं करू नये. बाबांनी करवत थांबवली न्हाई. कापून, घासून, जमीन सपाट करूनच उठले. माय बाजेवरून ते बघत होती. तिनं एवढंच विचारलं की, महालक्ष्म्यांच्या ताटाचं काय झालं?

दस्तगीरनं नवा कापूस पिंजून जाड गादी करून आणली. खतीजाभाबी सकाळ-संध्याकाळ येते, आशाला मायची कूस बदलू लागते. पोळ्याला तुझं येणं झालं न्हाई, आत्ताबी येऊ नको, वाटा बऱ्या न्हाईत. रझाकारांच्या टोळ्या फिरतात, गाड्या अडवतात.

काळजी करू नको असं लिहिणार होतो, पण ते खोटं होईल.

रामकिशन


उमरखेड,
दि. १४ नोव्हेंबर १९४७

ती. दादास,
शालूचा नमस्कार. वि. वि.

निघाले होते. नदीपर्यंत आले. तिथं पलीकडून येणाऱ्या माणसांनी आमाला परत फिरवलं. बाया-लेकरं, डोक्यावर गाठोडी, एका म्हाताऱ्याला त्याच्या पोरानं पाठीवर घेतलेलं. यांनी बैल वळवले. काठावर उभं राहून मला मायची वाट दिसत होती, आणि जाता येत न्हवतं.

म्हणून लिहितेच. नानीबाईंपाशी बसून जे शिकले ते सांगते. तिला एकाच कुशीवर पडू देऊ नका, थोड्या थोड्या वेळानं वळवा. अंगाखालचं फडकं ओलं राहता कामा नये, त्याला सुरकुतीबी नको. टाचांखाली मऊ कापड घाला. पाठ लाल दिसली की तिथं वजन पडू देऊ नका. एकदा कातडं सोललं की भरत न्हाई. आणि तिला लेकरासारखं भरवू नका, हात चालतात तर चालू द्या. भाजी निवडायला द्या, लसूण सोलायला द्या. नानीबाईंच्या हातातलं काम काढून घेतलं त्याच दिवशी त्या भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या.

उंबरा कापल्यापासून बाबा बोलत न्हाईत असं धनसिंग सांगत होता. दादा, त्यांना कोणी काही म्हणू नका. मीही मनात पुष्कळ म्हणून घेतलं, आता पुरे.

शक्य होईल तेव्हा मायला इकडं आणा. इथं घर सपाट आहे, मी आहे. खतीजाभाबीला म्हणावं, तुझ्या हातांची मी जन्मभराची ऋणी आहे, आणि चुड्या धनसिंगबरोबरच पाठवल्यात.

मायचा हात माझ्या नावानं एकदा हातात धरा.

शालू


डोंगरकडा,
गुढीपाडव्याच्या आधी, १९४८

चि. शालूस,
आशीर्वाद. वि. वि.

मायची पाठ आशानं न् खतीजाभाबीनं राखली. एक जखम झाली होती ती भरून आली. डॉक्टर म्हणाला होता त्याच्या उलट माय आता बसती. त्याहून पुढचं सांगतो, तुला हसू येईल. लेकराला चालायला शिकवायचा पांगुळगाडा असतो ना, तसा बाबांनी मायच्या उंचीचा केला. सागाचा. चाकं मोठी, धरायला गोल दांडा, घासून घासून लोण्यासारखा केलेला. मायला आधी लई लाज वाटली. म्हणाली, गावाला दाखवायला मला आता झबलं शिवा. माय पडल्यापासून बाबा पहिल्यांदा हसले. आता ती गाडा धरून बाजेपाशी उभी राहती. एखादं पाऊल टाकती. बाबा मागून तिच्या कमरेचं लुगडं धरून उभे असतात, आणि दोघं घामानं डबडबतात.

बाबांनी घराचा कोपरान् कोपरा बदलला. बाजेला कठडा, भिंतीला दांडे, न्हाणीत बसायला पाट. आता आंधळं माणूसबी फिरेल.

पण गाव ओस पडत चाललंय. शेजारची गावं जळाल्याच्या बातम्या रोज येतात. खऱ्या किती, खोट्या किती, कळत न्हाई. आमच्या गल्लीतली निम्मी घरं वऱ्हाडात गेली. मायला गाडीत घालून बघितलं. गावाबाहेर ओढ्यापर्यंत गेलो, तिचा जीव वर आला, डोळे पांढरे झाले. परत आणली.

रात रात विचार करून ठरवलंय. आशाला न् लेकरांना घेऊन मी तुझ्याकडं येतो. बाबा मायपाशी राहतात. मी राहतो म्हणालो, तर बाबा म्हणाले की, तरण्या माणसाला आधी धरतात, म्हाताऱ्याकडं कोणी बघत न्हाई. दस्तगीरनं माझा हात धरून सांगितलं की, मी भिंतीपलीकडं हाय. मायनं मला जवळ बोलावलं, आणि नीट जा, नदीत लेकराचा हात सोडू नको, एवढंच बोलली. पुन्हा भिंतीकडं वळून पडली.

पाडवा झाला की निघतो. घरात चार माणसांची जागा कर.

रामकिशन


डोंगरकडा,
आषाढ, १९४८

शालू, रामकिशन, आशा, लेकरं, समद्यांना बापाचा आशीर्वाद.

मला पत्र लिहायची सवय न्हाई, आजवर रामकिशनच लिहायचा-वाचायचा. अक्षर लागलं न्हाई तर दोनदा वाचा. लाकडावर खुणा करायच्या पेन्सिलीनं लिहून राहिलो.

तुमची माय गेली.

कसं झालं ते सांगतो, मागून कोणी काही सांगेल त्याच्या आधी. बाजाराच्या दिवशी दुपारी वेशीकडून बोंब झाली की आले, आले. राहिलेली माणसं रानात पळाली. माय मला म्हणाली, तुमी पळा. मी म्हणालो, येडी हायस का. ती म्हणाली, माझ्यापायी तुमी मराल. मी तिला उचलून बघितलं. पोरांनो, माझ्यानं उचललं न्हाई. आयुष्यभर सागाचे ओंडके उचलले, आणि तिला उचललं न्हाई.

मग मी दस्तगीरला आणायला गेलो. दोघं मिळून बाजेसकट रानात नेऊ म्हणून. भिंतीपलीकडंच जायचं होतं. परत आलो तर माय अंगणात पडलेली. गाडा बाजेपाशी तसाच उभा. तो तिनं घेतलाच न्हाई. खतीजाभाबी म्हणाली की तिनं तिच्या दारातून बघितलं, माय भिंत धरून चालत बाहेर आली, भिंत सोडली, हात सोडून उभी राहिली. माझ्या नावानं हाक मारत होती की, या, बघा, मी चालते, चला. मला तेवढंच कळत न्हाई की गाडा काहून घेतला न्हाई. भाबी म्हणते, गाडा घेतला असता तर तुमी म्हणाला असता, ही चालत न्हाई, गाडा चालतो.

डोक्याला लागलं. उचलून आत आणली. दुसऱ्या दिवशी उन्हं वर यायच्या आत गेली. बोलली न्हाई, पण माझं बोट धरून होती.

त्या दिवशी कोणी आलं न्हाई. लग्नाच्या वऱ्हाडाची मोटार होती, तिची घरघर ऐकून बोंब झाली होती.

खांद्याला माणसं न्हवती. मी, दस्तगीर, तांड्यावरचा धनसिंग आन् एक गुरव. लाकडं मी फोडली. तिच्यापुरती मापून, नीट फोडली.

तुमी येऊ नका. दिवस मी केले. मी जेवतो, खतीजाभाबी भाकर ठेवून जाते.

तुमचा बाप


उमरखेड,
दि. २९ जुलै १९४८

ती. बाबांस,
शालूचा, दादाचा आणि वहिनीचा पायांवर माथा.

बाबा, तुमचं पत्र दादानं वाचलं, मग मी वाचलं, मग वहिनी कागद घेऊन चुलीपाशी बसून राहिली. तिला वाचता येत न्हाई, पण तो कागद ती खाली ठेवीना.

मी तुमाला काही समजावणार न्हाई. फक्त एक लिहिते. माय घरातल्या कोणत्याही वस्तूला अडकून पडली न्हाई. दगड, उंबरा, अंधार, यातलं काहीच न्हवतं. तिला तुमाला वाचवायचं होतं. त्याला कोणी कसा कठडा लावणार?

आता तुमी या. दादा न्यायला निघाला होता, यांनी अडवलं. नदीवर पहारा आहे. धनसिंग सांगेल त्या वाटेनं या. एकटे चालू नका, काठी घ्या. तुमची नजरही आता पहिली न्हाई, हे दादानं मला सांगितलंय, तुमी लपवलं तरी.

तुमी येईपर्यंत आमच्या घशाखाली घास उतरायचा न्हाई. या पोरांवर अजून तुमची सावली हवी आहे.

शालू


डोंगरकडा,
दिवाळीच्या तोंडावर, १९४८

चि. सौ. शालूस,
रामकिशनचे आशीर्वाद. वि. वि.

आमी सुखरूप घरी पोचलो. गावात आता फौजेचं ठाणं हाय, निजामी संपली. लोक परत येऊन राहिले, चुली पेटल्या. तुला वाटेल आता समदं चांगलं लिहीन. पण तसं न्हाई. आपली माणसं जशी पळत होती, तशी फौज आल्यावर मधल्या दिवसांत मुसलमान माणसं पळाली.

आमी आलो तेव्हा बाबा दारातच बसलेले, मांडीवर लाकूड तासायचा वाकस. आशाला वाटलं काम करून राहिलेत. आत गेलो तर मायच्या बाजेवर खतीजाभाबी, पायाला कामट्या. मी बाहेर येऊन विचारलं, तेव्हा बाबांनी हळू आवाजात सांगितलं.

गडबड झाली त्या दिवशी दस्तगीर गाद्या पोचवायला कळमनुरीला गेला होता. भाबी घरात एकटी. माणसं गल्लीत शिरली तशी ती मागच्या भिंतीवरून आपल्या अंगणात उडी मारायला गेली आणि पाय मोडला. बाबांनी तिला ओढत घरात आणली, मायच्या बाजेवर निजवली, मायचं लुगडं अंगावर टाकलं. मग दारात येऊन बसले. माणसं आली. त्यातला एक तर असा की ज्याच्या घराचं दार बाबांनी केलेलं. त्यांनी विचारलं, आत कोण. बाबा म्हणाले, माझ्या घरात बाई आजारी हाय. ते म्हणाले, तुमची बाई तर आषाढात गेली. बाबा म्हणाले, माझ्या घरात बाई आजारी हाय. तेवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, आणि उठले न्हाईत. शेवटी ती माणसं गेली.

दस्तगीर परत आला न्हाई. तो ओढ्यापाशी सापडला. कोणी केलं ते गावात कोणी बोलत न्हाई. बाबांनीच जाऊन ओळखलं. तांड्यावरची माणसं बोलावून, त्यांच्या रीतीनं जसं जमलं तसं मातीआड केलं. आणि भाबीला सांगितलं न्हाई.

आमी आल्यापासून रोज बघतोय. सकाळी बाबा मायचा पांगुळगाडा बाजेशी आणतात. भाबी उठती, दांडा धरती, एक एक पाऊल टाकती. बाबा बाजूनं चालतात, पाय बघून टाका म्हणतात. मधेच ती विचारती की, हे कुठवर आले असतील, काही निरोप? बाबा म्हणतात, पाय बघून टाका भाबी. आशाला हे बघवेना. ती बाबांना म्हणाली की, तिच्या नवऱ्याचं तिच्यापासून लपवून ठेवणं बरं न्हाई. बाबा म्हणाले, तिच्या पायानं जोर धरला की सांगतो. आत्ता सांगितलं तर ती आडवी होईल ती उठणार न्हाई. तुमी गेल्यावर भिंतीकडं तोंड करून पडलेली एक मी बघितलीय.

आज सकाळी भाबी गाड्याशिवाय ओसरीपर्यंत आली. भिंतीलाबी हात लावला न्हाई. बाबांपुढं उभी राहिली आणि म्हणाली की, भाईसाहेब, आता मी चालते.

बाबांनी तिला भिंतीला टेकवून खाली बसवलं. पाठीशी मायची उशी दिली. आपण समोर जमिनीवर बसले. आशाला बोलावून तिच्या शेजारी बसवलं. मग सांगितलं, समदं. कुठं सापडला, कुठं ठेवला, काहीच राखलं न्हाई.

भाबी रडली न्हाई. मोडला होता तो पाय तिनं लुगड्याखाली ओढून घेतला. मग म्हणाली की, मला ठाऊक होतं. तुमी रोज माझ्या पायाकडं बघत होता, तोंडाकडं एकदाबी बघितलं न्हाई.

आता आशाच्या मांडीवर डोकं ठेवून पडलीय. बाबा दारात जाऊन बसलेत. तुला जमेल तशी ये, शालू. लवकर ये.

तुझा,
रामकिशन